देवळाभोवतीचा साडेसहा मीटर गाळ

जावातल्या योग्यकार्ताला जाणारा प्रत्येक प्रवासी प्रंबाननचं देऊळ पाहतो आणि बहुतेक जण तिथूनच माघारी फिरतात. प्रंबानन भव्य आहे, यात वाद नाही. पण तिथे नेणाऱ्या सोलो रस्त्यावरच, शहरापासून साधारण बारा किलोमीटरवर, डावीकडे एक गावरस्ता फुटतो. भातखाचरं, पाटाचं पाणी, केळीची बेटं, कौलारू घरं आणि मग तिकिटाची छोटी खिडकी. समोर देऊळ म्हणावं असं काही दिसत नाही. हिरवळीच्या पलीकडे काळ्या दगडाचं एक टोक तेवढं वर आलेलं असतं. चार पावलं पुढे गेलं की जमीन एकदम संपते आणि खाली, प्रशस्त चौकोनी खड्ड्याच्या तळाशी, अख्खं शिवमंदिर उभं असतं. मुख्य देऊळ पश्चिमाभिमुख, त्याच्यासमोर तीन लहान देवळं आणि भोवती दगडी प्राकार. हे चंडी संबिसारी. जावात कुठल्याही प्राचीन देवळाला चंडीच म्हणतात, आत शिव असो वा बुद्ध.

पायऱ्या उतरून खाली गेलं की शेतं डोक्याच्या वर जातात. गाभाऱ्यात शिवलिंग आहे. बाहेरच्या कोनाड्यांत उत्तरेला महिषासुरमर्दिनी, मागे पूर्वेला गणपती आणि दक्षिणेला दाढीवाले अगस्ती ऋषी. आपल्याकडे अगस्तींना देवळाच्या भिंतीवर असा मान क्वचितच मिळतो, जावात मात्र शिवाच्या देवळात त्यांची जागा ठरलेली. देवळाचा काळ नववं शतक. ते हाती लागलं 1966 साली, शेत खणणाऱ्या एका शेतकऱ्याची कुदळ कोरीव दगडावर आपटली तेव्हा. भोवतालची माती काढून, विखुरलेले दगड जुळवून देऊळ पुन्हा उभं करायला 1987 साल उजाडलं. देवळाचं जोतं आजच्या शेतांपासून साडेसहा मीटर खाली आहे. म्हणजे दोन मजले गाळ.

हा गाळ आणला कोणी? उत्तरेकडे बोट दाखवलं की झालं. मेरापी ज्वालामुखी इथून सरळ रेषेत जेमतेम पंचवीस किलोमीटर. सकाळी ढग नसतील तर त्याच्या माथ्यावरचा धूर देवळाच्या काठावरून दिसतो. वाटाडे एक गोष्ट रंगवून सांगतात: सन 1006 मध्ये मेरापी फुटला, एका रात्रीत मातारामचं राज्य राखेत आणि चिखलात गडप झालं, देवळं गाडली गेली, राजा पूर्वेकडे पळाला. गोष्ट झकास आहे. पण खड्ड्याच्या भिंतीला पायऱ्या-पायऱ्यांचा उतार देऊन वर हिरवळ लावली आहे, त्यामुळे इथे त्या गाळाचं तोंडच दिसत नाही. गोष्ट खरी की खोटी ते पाहायचं तर गाळ उघडा पडलाय तिथे जायला हवं.

म्हणून दुसऱ्या दिवशी मेरापीच्या बाजूला निघालो. कालिउरांगच्या चढावर वाटेत इस्लामी विद्यापीठाचं मोठं आवार लागतं. डिसेंबर 2009 मध्ये तिथे ग्रंथालयासाठी पाया खणत असताना काही मीटर खाली गणपती निघाला. मग नंदी, शिवलिंग, कोरीव भिंती. विद्यापीठाने इमारतीचा आराखडा बदलला, देऊळ जागच्या जागी ठेवलं आणि ग्रंथालय त्याच्या अंगाने बांधलं. शेजारीच विद्यापीठाची मशीद आहे. आम्ही गेलो तेव्हा हिजाब घातलेल्या मुली देवळाच्या कठड्यावर बसून परीक्षेच्या वह्या चाळत होत्या. या देवळाला किंपुलान म्हणतात. त्याचा गाळही आता हिरवळीखाली गेला आहे.

चांगक्रिंगानच्या पुढे डांबरी रस्ता संपला की जीपवाल्यांचं राज्य सुरू होतं. जुन्या लष्करी विलीज जीप रंगवून, टपं काढून ठेवलेल्या. आमचा चालक विशीतला पोरगा होता, 2010 च्या उद्रेकात त्याचं गाव गेलेलं. 26 ऑक्टोबर 2010 ला मेरापी जागा झाला आणि 5 नोव्हेंबरच्या मध्यरात्रीनंतर त्याने सगळ्यात मोठा दणका दिला. तापलेल्या राखेचा आणि वायूचा लोट गेंडोल नदीच्या घळीतून पंधरा किलोमीटरपर्यंत खाली उतरला. साडेतीनशेहून अधिक माणसं गेली, लाखो लोकांना घरं सोडावी लागली. वाटेत एका पडक्या घराचं संग्रहालय केलं आहे. वितळलेल्या बाटल्या, गुरांचे सांगाडे, थांबलेलं घड्याळ. पर्यटक तिथे फोटो काढून जीपमध्ये बसतात. मला ओढ होती ती पलीकडच्या घळीची.

उद्रेक संपला म्हणून मेरापीच्या पायथ्याचं संकट संपत नाही, खरं तर तेव्हाच ते सुरू होतं. डोंगराच्या उतारावर कोट्यवधी घनमीटर राख, वाळू आणि दगड सैल पडलेले असतात. बारीक राखेचा पापुद्रा जमिनीवर बसतो आणि पाणी मुरू देत नाही. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत तिथला पावसाळा. दोन तासांत चाळीसेक मिलिमीटर पाऊस पडला तरी पुरतो. पाणी ओघळींतून धावतं, राख उचलतं, राखेने जड झालं की वाळू उचलतं, वाळूने जड झालं की दगड. जावाच्या लोकांनी याला दिलेलं लाहार हे नाव जगभरच्या भूशास्त्राने उचललं आहे. चांगला दाट लाहार असेल तर त्यात पाण्यापेक्षा दगडमातीचंच आकारमान जास्त असतं. हजार मीटर उंचीवर त्याचा वेग सरासरी सेकंदाला पाच ते सात मीटर. म्हणजे तो दिसल्यावर पळून फायदा नाही, तो येण्याआधीच काठावरून बाजूला व्हायचं. कोलंबियात 1985 साली नेवादो देल रुईझ या बर्फाच्छादित ज्वालामुखीवरून असेच लोंढे उतरले आणि आर्मेरो शहरासह तेवीस हजार माणसं गेली. जावातल्याच केलुड पर्वतावर 1919 मध्ये विवरातलं तळं बाहेर फेकलं गेलं तेव्हा पाच हजारांहून अधिक गेली. त्यानंतर डचांनी डोंगराला बोगदे पाडून ते तळं उपसून ठेवलं. मेरापीला बर्फ नाही, तळं नाही. त्याला पाऊस पुरेसा आहे. 2010-11 च्या एका पावसाळ्यात त्याच्या नद्यांमधून दोनशेहून अधिक लाहार आले.

गेंडोलच्या पात्रात उतरलो. पाणी घोट्याएवढं, पात्र मात्र प्रचंड. दोन्ही बाजूंना नदीने स्वतःच कापलेल्या करड्या भिंती. त्यांच्यासमोर उभं राहिलं की पहिल्यांदा सगळा एकसारखा राडारोडाच वाटतो. थोडा वेळ डोळे स्थिरावू दिले तर मग फरक दिसू लागतात, आणि ते वाचण्यासारखे असतात.

साध्या पुराने आणलेला गाळ शिस्तीचा असतो. पाणी आधी जड टाकतं, मग हलकं. गोटे वेगळे, रेव वेगळी, वाळू वेगळी, बारीक माती सगळ्यात वर. कोकणातल्या कुठल्याही नदीच्या काठावर हे पाहायला मिळेल. लाहाराच्या थरात ही निवड नसते. मुठीएवढा दगड, रांजणाएवढा दगड आणि पिठासारखी राख एकाच थरात, एकमेकांत कालवलेली. मोठे दगड एकमेकांना टेकलेलेही नसतात, वाळूत अधांतरी अडकल्यासारखे दिसतात. कारण वाहता लोंढा इतका दाट होता की थांबला तसा थिजला, आतल्या मालाला वेगळं व्हायला सवड मिळालीच नाही. काही थरांत तर उलटाच प्रकार: बारीक माल तळाला आणि मोठे धोंडे वर. डब्यातला चिवडा हलवत राहिलं की शेंगदाणे वर येतात आणि चुरा खाली बसतो, तसंच लोंढ्यात दगड एकमेकांवर आदळत असताना बारीक कण फटींतून खाली सरकतात आणि मोठे वर ढकलले जातात. लोंढ्याच्या पुढच्या तोंडाला आणि कडांना म्हणूनच धोंड्यांची रांग लागते. पात्राच्या काठाला बांधासारख्या पसरलेल्या अशा रांगा गेंडोलमध्ये जागोजागी आहेत.

त्या राडारोड्यात मधूनच वाळूचे पट्टे दिसतात. पुसट आडव्या रेघा, दगड कमी, रेघा मध्येच विरून गेलेल्या. हा लाहाराचा पातळ प्रकार. वाटेत पाणी मिसळत गेलं, जड माल वर कुठेतरी टाकला गेला आणि उरलेला वाळूमिश्रित लोंढा पुढे गेला. मेरापीच्या मालात चिकणमाती फार कमी, त्यामुळे इथले लाहार मैदानात उतरता उतरता असे पातळ होतात. पंचवीस किलोमीटरवरच्या संबिसारीपर्यंत मुख्यतः हाच वाळूचा लोंढा पोचत असणार. धोंड्यांची फौज तिथवर गेली असती तर देवळाच्या कोनाड्यातला गणपती जागेवर राहिला नसता.

या गाळाकडे शास्त्रज्ञांच्या आधी दुसऱ्या कुणाचं लक्ष गेलं आहे. पात्रात पोकलेन घरघरत होते, डंपरची रांग लागली होती. पलीकडे ज्यांच्याकडे पोकलेन नाही ती माणसं फावड्याने वाळू चाळत होती. मेरापीची वाळू काँक्रीटसाठी उत्तम मानली जाते: कणांना कोपरे, मातीचा अंश कमी. निम्म्या मध्य जावाची घरं या वाळूत बांधली आहेत म्हटलं तरी फारशी अतिशयोक्ती होणार नाही. आमचा चालक म्हणाला, "डोंगर आधी घेतो, मग देतो." हे वाक्य तो रोज चार जीपभर पर्यटकांना ऐकवत असणार. मी त्याला विचारलं, देतो ते कुणाला? त्याने हसून डंपरकडे हनुवटी उडवली.

नदीला आडवे काँक्रीटचे बुटके बंधारे घातलेले दिसतात. त्यांना इथे साबो म्हणतात. जपानी तंत्र, जपानी मदत, 1970 च्या दशकापासून. पाणी अडवणं हा त्यांचा उद्देशच नाही. मध्ये फट किंवा भोकं ठेवून पाणी जाऊ द्यायचं आणि दगड मागे अडवायचे, लोंढ्याचा जोर मोडायचा. मागची जागा भरली की बंधारा निकामी, म्हणून ती उपसत राहावी लागते. वाळू उपसणारे त्या अर्थाने उपयोगी. पण तेच लोक बंधाऱ्याच्या पायाशीही खणतात आणि पाया उघडा पडतो. या तंट्याचा निकाल लावणं पर्यटकाच्या आवाक्यातलं नाही, तरी बंधाऱ्याखाली लटकलेलं काँक्रीट पाहिल्यावर मी मनातल्या मनात पोकलेनच्या विरोधात मत दिलं.

काठावरच्या टपरीत वॉकीटॉकी सतत खरखरत होता. माथ्याजवळच्या गावांतून कोणी ना कोणी पावसाची खबर देत असतं. वाळूवाले तिच्यावर कान ठेवून काम करतात. खाली लख्ख ऊन असताना माथ्यावर पाऊस पडून लाहार येतो, हे इथल्या लहान मुलालाही माहीत असतं.

तिथून परतताना केडुलानला गेलो. संबिसारीपासून हे देऊळ दोन-तीन किलोमीटरवरच, पण गर्दी त्याहून कमी. 1993 साली वाळू खणणाऱ्यांना ते सापडलं. हा खड्डा आणखी खोल, आणि सगळ्यात अवघड प्रश्न पाण्याचा. देवळाचं जोतं आजच्या भूजलाच्या पातळीखाली गेलं आहे, उपसा थांबला की तळं होतं. याच कारणाने त्याची फेरउभारणी वर्षानुवर्षं रेंगाळली. इथे सापडलेले 869 सालचे दोन शिलालेख शेतीच्या पाण्यासाठी घातलेल्या बंधाऱ्याबद्दल बोलतात. म्हणजे अकराशे वर्षांपूर्वीही इथल्या लोकांचा व्यवहार याच नद्यांशी होता, आणि बंधारे तेव्हाही लागत होते.

केडुलानमध्ये संशोधकांनी देवळाभोवतीच्या गाळाचे थर मोजले तेव्हा लाहाराचे दहाहून अधिक निरनिराळे थर भरले. वाटाड्याची गोष्ट इथे अडचणीत येते. एका रात्रीत सगळं गाडलं गेलं असतं तर एकच जाड थर हवा होता. दहाहून अधिक थर म्हणजे तितक्या वेळा लोंढा आला, थांबला, वाळला आणि त्यावर पुन्हा आला. दोन लोंढ्यांमध्ये किती वर्षं गेली ते थराच्या माथ्यावरून कळतं. लगेच दुसरा आला असेल तर वाळूवर वाळू बसते. मध्ये पुरेसा काळ गेला असेल तर राखेची माती होते, तपकिरी रंग धरते, तिच्यात मुळांच्या खुणा राहतात. कुणी शेत केलं असेल तर खापराचा तुकडाही सापडतो. मातीचा तपकिरी पट्टा दिसला की समजावं, इथे डोंगर गप्प होता आणि माणसं कामाला लागली होती.

1006 सालची कथा काही वाटाड्यांनी रचलेली नाही. डच भूशास्त्रज्ञ रेनाउट व्हान बेमेलेन यांनी 1949 मध्ये इंदोनेशियाच्या भूशास्त्रावरचा अजस्र ग्रंथ लिहिला, त्यात मेरापीचा पश्चिमेकडचा भाग त्या साली कोसळला आणि मातारामचा अंत झाला असं मांडलं. माणूस साधा नव्हता, त्यामुळे अनेक वर्षं ते प्रमाण मानलं गेलं. मग अडचणी निघत गेल्या. इतिहासाचे अभ्यासक सांगतात की राजा सिंडोकने राजधानी पूर्व जावात हलवली ती 929 च्या सुमारास, म्हणजे त्या कथित उद्रेकाच्या पाऊणशे वर्षं आधी. 2000 साली ख्रिस न्यूहॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेरापीच्या दहा हजार वर्षांच्या उद्रेकांचा हिशेब मांडला. त्यांनाही 1006 च्या कोसळण्याचा पुरावा मिळाला नाही. मिळालं ते जास्त विचार करायला लावणारं: सातव्या ते एकोणिसाव्या शतकात मेरापीचे स्फोट विसाव्या शतकातल्यापेक्षा मोठे आणि जास्त वेळा होत होते. विसाव्या शतकात ज्यांनी त्याला पाहिलं त्यांना तो तुलनेने शांत मूडमध्ये भेटला.

माझा कौल या संथ गाडण्याच्या बाजूने आहे. देवळात पूजा चालू असताना पहिला लाहार प्राकाराच्या आत शिरला असेल, लोकांनी तो उपसलाही असेल. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी उपसायला माणसं उरली नसतील, राजा गेला, देणग्या बंद झाल्या. जवळच काडिसोका नावाचं आणखी एक देऊळ 2000 साली वाळू खणताना मिळालं, ते तर अर्धवट बांधलेलं आहे. काम सोडून कारागीर का गेले ते दगड सांगत नाहीत. प्रलयाच्या गोष्टीत सगळं एका तडाख्यात सुटतं. खड्ड्याच्या भिंतीत मात्र पिढ्यान्‌पिढ्यांची कुरबुर दिसते: गाळ, साफसफाई, पुन्हा गाळ. मला ती जास्त खरी वाटते.

सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला ज्वालामुखीचे थर नवे नाहीत, आपले घाटच त्यांचे आहेत. पण दख्खनचा लाव्हा पातळ होता, भेगांतून निघून दूरवर पसरला. मेरापीचा अँडेसाइट लाव्हा घट्ट, तो माथ्यावरच साचतो, त्याचा घुमट होतो, घुमट कोसळतो आणि त्याचा चुरा नद्यांना मिळतो. त्यामुळे आपल्याकडे कडे आहेत आणि त्यांच्याकडे वाळू.

शेवटचा टप्पा पश्चिमेकडचा, बोरोबुदूरच्या वाटेवरचा. योग्यकार्ता-मागेलांग महामार्गावर पुतिह नदी ओलांडताना पूल नवा दिसतो. जानेवारी 2011 मध्ये या नदीचा लाहार वळणावर पात्र सोडून सरळ सुटला आणि जुमोयो गावातून महामार्गावर आला. रस्ता धोंड्यांखाली गेला, घरं खिडक्यांपर्यंत भरली. आता दुकानं पुन्हा थाटली आहेत.

पुढे मुंतिलानला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाथरवटांच्या शेड आहेत. बुद्ध, गणपती, कारंजी, दिवे आणि चोबेक, म्हणजे मिरची-मसाला वाटायचा पसरट दगडी खल. बोरोबुदूर आणि प्रंबाननही याच दगडाचे, नदीपात्रातले धोंडे फोडून घडवलेले. देवळं गाडणारा आणि देवळं बांधायला दगड पुरवणारा डोंगर एकच. छिन्नी चालवणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराला विचारलं, दगड कुठला? नदीचा, तो म्हणाला. भोकं भोकं असलेला खरखरीत दगड खलासाठी बाजूला काढतात, घट्ट दगड मूर्तीसाठी. गणपती माझ्याच्याने उचलला जाईना, म्हणून छोटा चोबेक घेतला. पैसे मोजून घेतल्यावर त्याने तो परत हातात घेतला, अंगठा आतून फिरवला आणि अंगठ्याला लागलेली करडी पूड मला दाखवली. "घरी गेल्यावर आधी मूठभर तांदूळ वाटा आणि फेकून द्या," तो म्हणाला. "पीठ पांढरं येईपर्यंत. नाहीतर चटणीत वाळू येईल."